हॉरर सिनेमाचं प्रयोगशील ऑर्केस्ट्रा संगीत नुसतं कसं ऐकायचं?

प्रश्न: सोलापुरात राहतो. 'द शायनिंग'चं पार्श्वसंगीत सिनेमा न बघता ऐकायला घेतलं. दहा मिनिटांत सगळा गोंगाट वाटायला लागला. घरी छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर आहेत. आवाज कमी पडतोय का? कुठल्या क्रमाने ऐकू? आणि हेडफोन कुठला घेऊ?

उत्तर:

तुमचा आवाज कमी पडत नाहीये. खोलीतला बाकीचा आवाज जास्त आहे.

'दिवे घालवा, व्हॉल्यूम शेवटपर्यंत न्या, मग बघा कशी टरकते' हा सल्ला या संगीताबद्दल सगळीकडे दिला जातो. तो चुकीचा आहे. याच सल्ल्यामुळे माणसं दहा मिनिटांत उठतात आणि 'गोंगाट' म्हणून मोकळी होतात.

आधी हे लक्षात घ्या की तुम्ही ऐकताय त्यातलं बरंचसं त्या सिनेमासाठी लिहिलेलंच नाही. चित्रपट १९८० चा. शीर्षकाचं संगीत वेंडी कार्लोस आणि रेचेल एल्काइंड यांचं, पण भीतीचा मुख्य भार पेंडेरेत्स्की, लिगेती आणि बार्टोक या विसाव्या शतकातल्या संगीतकारांनी मैफलीसाठी लिहिलेल्या रचनांवर आहे. लिगेतीचं 'लोन्तानो' १९६७ चं, बार्टोकची तंतुवाद्यं, तालवाद्यं आणि सेलेस्टा (घंटेसारखा वाजणारा छोटा पियानो) यांच्यासाठीची रचना १९३६ ची, पेंडेरेत्स्कीचं 'पॉलिमॉर्फिया' १९६१ चं. म्हणजे हे नुसतं ऐकण्यासाठीच केलेलं आहे. शिवाय सिनेमात पेंडेरेत्स्कीच्या रचना काही ठिकाणी एकमेकींवर चढवल्या आहेत. मूळ रचना वेगळी ऐकली की ती सिनेमात ऐकल्यासारखी वाटत नाही, आणि माणसाला वाटतं की आपण चुकीचं रेकॉर्डिंग लावलं. चुकीचं नसतं.

आता गोंगाटाबद्दल. 'पॉलिमॉर्फिया'त ४८ तंतुवाद्यं आहेत: २४ व्हायोलिन, ८ व्हिओला, ८ चेलो, ८ डबल बास. प्रत्येक वादकाला स्वतंत्र काम दिलेलं आहे. शेजारशेजारचे वादक पाव स्वराच्या अंतरावर उभे असतात आणि त्यातून स्वरांचा सलग पट्टा तयार होतो. ४४० हर्ट्झच्या स्वरापासून पाव स्वर वर गेलं की ४५३ येतो. हे दोन एकत्र वाजले की सेकंदाला १३ वेळा आवाज थरथरतो. हेच दोन सप्तकं वर नेलं, १७६० वर, की फरक ५२ चा होतो. ती थरथर मोजता येत नाही, ती कानाला खरवडते. म्हणून तोच पट्टा खालच्या सप्तकात धुक्यासारखा वाटतो आणि वरच्या सप्तकात काचेसारखा. संगीतकार हे अंतर मोजून वापरतो. याला गोंगाट म्हणणाऱ्याने तंबोरा जुळवताना एकदा शेजारी बसावं. तार एकच, पण जीवा (तारेखालचा दोरा) जरा सरकवला की जवारी उघडते आणि त्या एका आवाजात आतून हालचाल दिसायला लागते. तंबोरा ऐकू शकणाऱ्या कानाला हे संगीत परकं नाही. फक्त त्यावर गाणारं कुणी येणार आहे ही अपेक्षा सोडावी लागते.

पण तंबोऱ्याची जवारी पंख्याखाली ऐकू येते का? नाही ना. मुद्दा तिथेच आहे.

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या पलीकडे, पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत आम्ही चौघांनी हे ऐकण्याची बैठक दोनदा केली. खोली १० बाय १२ फूट, वर स्लॅब १० फुटांवर, खाली शहाबादी फरशी. बोळाच्या पलीकडे यंत्रमागाची शेड. अ‍ॅम्प्लिफायर चॅनेलला २५ वॅटचा, स्पीकर ८७ डेसिबल संवेदनशीलतेचे, म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८७ डेसिबल देणारे. माझे एक मित्र तेव्हा ठाम होते की आवाज वाढवला की मागांची खटखट दबेल. खिडक्या लावून, पंखा बंद करून मोबाईलवर मोजलं तर खोलीत काहीही न वाजवता ५२ डेसिबल होते.

आता हिशेब करा. २५ वॅट म्हणजे १ वॅटपेक्षा १४ डेसिबल जास्त: १०१. दोन मीटरवर बसलो म्हणून ६ वजा, दोन स्पीकर म्हणून ३ अधिक: ९८. हे झालं छत. जमीन ५२. मधे उरले ४६ डेसिबल. एवढ्या जागेत अख्खी ऑर्केस्ट्रा बसवायची होती. 'लोन्तानो' एकाच स्वरावर, अगदी हलक्या आवाजात सुरू होतं. नावाचा अर्थच 'दूरवर'. त्याचं पहिलं अर्धं मिनिट आम्हाला ऐकूच आलं नाही. मित्राने नॉब फिरवला. सुरुवात ऐकू आली, पण पुढे जिथे सगळे तंतू एकत्र येतात तिथे अ‍ॅम्प्लिफायर फाटला. १० डेसिबल वाढवायचे तर ताकद दहापट लागते, २५ चे २५० वॅट. नॉब फिरवून ती येत नाही. लाटेचे शेंडे कापले जातात आणि मऊ पट्ट्याच्या जागी पत्रा वाजायला लागतो. खोलीतल्या दोघांना त्या क्षणी हा गोंगाट वाटला, आणि तो होताच. मात्र तो अ‍ॅम्प्लिफायरचा होता, लिगेतीचा नव्हता.

खटखटीने दुसरं नुकसान केलं ते जास्त वाईट. माग मिनिटाला शंभराहून जास्त ठोके देतो, अगदी सारख्या अंतराने. सारखा ठोका मिळाला की मन त्याला लगेच पकडतं आणि त्याच्यावर सम शोधायला लागतं. या संगीताचा सगळा परिणाम ठोका नसण्यावर आहे. बार्टोकच्या त्या रचनेच्या तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला झायलोफोनवर एकच उंच स्वर वाजतो: १, १, २, ३, ५, ८ आणि परत ५, ३, २, १, १ अशा गटांत. स्वर जवळ येतात, मग लांब जातात. शेजारी माग चालू असेल तर ते जवळ येणं आणि लांब जाणं कळतच नाही, झायलोफोन बेताला वाटतो. सोलापुरात हे संगीत ऐकताना सर्वांत मोठा शत्रू हा आहे. गाड्यांचे हॉर्न येतात आणि जातात, त्यांचा एवढा त्रास नाही.

दुसऱ्या वेळी दिवस असा निवडला की देखभालीसाठी दुपारभर लाइट जाणार होती. माग बंद, पंखे बंद, फ्रिज बंद, पाण्याच्या मोटारी बंद. खोलीत मोजले ३२ डेसिबल. अ‍ॅम्प्लिफायर चालवला १२ व्होल्टवर: छोटा, कमी वीज खाणारा क्लास-डी बोर्ड आणि ७ अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी. यातून ८ ओहमच्या स्पीकरला चॅनेलमागे जेमतेम ८ वॅट मिळतात. मित्राचं म्हणणं, ८ वॅटमध्ये काय होणार? परत हिशेब: ८७ अधिक ९, वजा ६, अधिक ३ म्हणजे ९३. जमीन ३२. मधे उरले ६१ डेसिबल. ताकद तिपटीने कमी आणि जागा १५ डेसिबलने जास्त. 'लोन्तानो'चा पहिला स्वर चौघांनाही ऐकू आला. त्यात एकेक वाद्य कसं शिरतं आणि स्वर तोच राहून रंग कसा बदलतो, हेही कळलं. वाद तिथे मिटायला हवा होता. अजून मिटलेला नाही, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

बॅटरीवर करणार असाल तर: ७ अँपिअर-अवरची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नका, म्हणजे साडेतीन वापरायचे. या आवाजाला सरासरी एक-सव्वा अँपिअर लागतो, त्यामुळे अडीच-तीन तास आरामात. मधे ५ अँपिअरचा फ्यूज टाका, बॅटरीच्या टोकाजवळ. बॅटरीऐवजी घरचा इन्व्हर्टर वापरायचा तर तो साइन वेव्हचा असायला हवा. स्क्वेअर वेव्हचा असेल तर अ‍ॅम्प्लिफायर घूंऽऽ करत राहतो आणि मिळवलेली सगळी शांतता जाते.

रोज लाइट जात नाही आणि जाऊही नये. मग रोजचं काय? पहाटे साडेचार ते साडेपाच. डिसेंबर-जानेवारी उत्तम, कारण पंखा लागत नाही. एप्रिल-मेमध्ये आधी अर्धा तास कूलर चालवून खोली गार करा आणि ऐकताना बंद करा. बारा मिनिटं विनापंख्याची निघतात. एका बैठकीत एकच रचना ऐकायची आहे, अख्खा अल्बम नाही. दाराखालच्या फटीत टेरी टॉवेल गुंडाळून घट्ट बसवा. आत येणारा बराचसा आवाज त्या फटीतूनच येतो. आणि भिंतीवरचं घड्याळ काढून बाहेर ठेवा. ३२ डेसिबलच्या खोलीत त्याची टिकटिक म्हणजे छोटा मागच.

चादरीबद्दल. आपल्याकडे प्रत्येकाला वाटतं की भिंतीला दोन सोलापुरी चादरी ठोकल्या की खोली स्टुडिओ झाली. भिंतीला चिकटवलेली चादर जवळजवळ काहीच करत नाही, कारण भिंतीजवळ हवा हलतच नाही आणि कापड हलत्या हवेलाच अडवतं. तीच चादर चुण्या पाडून, भिंतीपासून १० सेंटिमीटर पुढे दोरीवर टांगा. मग साधारण ८५० हर्ट्झच्या वरचा आवाज ती चांगला खाते. व्हायोलिनचा वरचा पट्टा शहाबादीवर आणि उघड्या भिंतीवर आपटून दुप्पट बोचतो, तो त्याने शांत होतो. स्पीकर आणि खुर्ची यांच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी किंवा दुहेरी चादर घालाच, पहिली उसळी तिथूनच येते. खालच्या आवाजाला मात्र चादर काहीच करू शकत नाही. १०० हर्ट्झची लाट ३.४ मीटर लांब असते, तिच्यापुढे पाव इंचाचं कापड काय टिकणार? आणि बाहेरचा आवाजही चादरीने अडत नाही. त्याला वजन लागतं आणि फट बुजवावी लागते.

खालच्या आवाजाचा इलाज जागा बदलणं हाच. १० फूट रुंद आणि १० फूट उंच खोली दोन्ही बाजूंनी ५६ हर्ट्झला घुमते. दोन मापं सारखी असल्यामुळे ते घुमणं दुप्पट. डबल बासचा खालचा 'ए' ५५ हर्ट्झचा आहे. म्हणजे बास त्या स्वरावर आला की खोली स्वतःच वाजते आणि बाकीचे स्वर बुडतात. भिंतीला पाठ लावून बसलात तर खालचं घुमणं सर्वांत वाईट. १२ फुटांच्या बाजूने मागच्या भिंतीपासून साडेचार फूट पुढे बसा. स्पीकरची पाठ समोरच्या भिंतीपासून दीड फूट पुढे, स्पीकर एकमेकांपासून सहा फूट, तुमच्यापासूनही सहा फूट. ट्विटर (स्पीकरमधला उंच स्वरांचा छोटा भोंगा) कानाच्या उंचीला. तुमच्या स्पीकरचा वूफर (खालच्या स्वरांचा मोठा भोंगा) पाच इंची असेल तर 'पॉलिमॉर्फिया'च्या सुरुवातीचा खोल स्वर पूर्ण मिळणार नाही, वरचे अंशस्वर ऐकून कान तो भरून काढतो. त्यासाठी बास वाढवू नका. वूफरची पट्टी फडफडेल एवढंच होईल.

एक तपासणी आधी करा, कारण या संगीतात ही चूक कळत नाही. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली असेल तर गाण्यात गायकाचा आवाज मधोमध न येता दोन्ही कानांच्या बाहेर पसरतो आणि बास जातो. इथे गायकच नाही, पसरलेलं सगळंच 'प्रयोगशील' वाटतं. म्हणून आधी बातम्यांचं एखादं निवेदन लावा. आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून आला पाहिजे. डावा-उजवाही तपासा. बार्टोकने या रचनेत तंतुवाद्यांचे दोन गट रंगमंचाच्या दोन बाजूंना आणि मधे तालवाद्यं, पियानो, हार्प, सेलेस्टा अशी मांडणीच लिहून दिली आहे. ते दोन गट एकमेकांना उत्तरं देतात.

मोबाईलवरून लावत असाल तर इक्वलायझर, 'सराउंड'सारखी बटणं आणि आवाज एकसारखा करणारं नॉर्मलायझेशन बंद. शेवटचं महत्त्वाचं, कारण ते अख्ख्या रचनेची पातळी बदलतं आणि काही अॅपमध्ये हळू रचना वर उचलताना मोठ्या जागा दाबतं. गाण्यांमधला क्रॉसफेड (एक विरत असतानाच दुसरं सुरू होणं) आणि पुढचा ट्रॅक आपोआप लागणं बंद. दर्जा ३२० केबीपीएस किंवा लॉसलेस (काहीही न गाळता साठवलेली फाइल). १२८ ला दाट पट्टा पाण्यातून आल्यासारखा बुडबुडतो, कारण फाइल लहान करणाऱ्या पद्धती स्वच्छ स्वरावर चांगल्या चालतात आणि सगळीकडून भरलेल्या आवाजावर तोकड्या पडतात. ब्लूटूथचा डबा तर नकोच. त्याच्या आतच बहुतेक वेळा आवाज दाबणारं सर्किट असतं.

नॉब कुठे ठेवायचा? रचनेतली सर्वांत हळू जागा काढा. ती खोलीच्या शांततेतून जेमतेम वर येईल तिथे नॉब थांबवा, पेन्सिलीने खूण करा आणि रचना संपेपर्यंत हात लावू नका. मोठी जागा आली की ती आपोआप मोठी होईल. ती खूप मोठी वाटली तर खोली अजून शांत नाही असं समजा. नॉब खाली घेऊ नका, फट शोधा.

प्रत्यक्ष ऐकताना चाल शोधू नका आणि सम तर मुळीच नाही. पेंडेरेत्स्कीच्या त्या काळातल्या स्वरलिपीत मात्रांच्या जागी सेकंद लिहिलेले असतात. हा तुकडा इतके सेकंद, पुढचा इतके. मोबाईलवर आवाज न करणारं स्टॉपवॉच लावून समोर ठेवा. पहिल्यांदा ऐकताना फक्त एकच गोष्ट टिपा: आवाजाचा पोत कुठल्या सेकंदाला बदलला. 'पॉलिमॉर्फिया'त गजाने ओढलेले लांब पट्टे संपून तारा खुडणं, तळव्याने तारांवर मारणं, वाद्याच्या अंगावर ठोकणं सुरू होतं. ती हद्द सहज सापडते. दुसऱ्यांदा पट्ट्याची रुंदी ऐका. तो एका स्वरातून फाकत जातो की वरून खाली घसरतो? घसरणं म्हणजे आपली मींड नाही. मींड एका स्वराकडे निघालेली असते, इथे प्रत्येक वादक वेगळ्या जागेहून निघतो आणि पोचायचं ठिकाण नसतं. तिसऱ्यांदा गज कुठे चालतोय ते ऐका. घोडीजवळ (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) चालला की आवाज पातळ आणि धातूसारखा होतो, गजाचं लाकूड तारेवर मारलं की कोरडा टक्कन येतो, आणि घोडीच्या पलीकडे, जिथे तार एरवी कुणी वाजवत नाही, तिथे ओढला की किंकाळी येते.

'पॉलिमॉर्फिया'चा शेवट मात्र घड्याळ न बघता ऐका. एवढ्या सगळ्यानंतर सगळी ४८ वाद्यं अचानक सी मेजरवर येतात, सरळ सा-ग-प. आमच्या पहिल्या बैठकीत, मागांच्या आवाजात, तो सा-ग-प सुटका झाल्यासारखा वाटला. दुसऱ्या बैठकीत तो अख्ख्या रचनेतला सर्वांत परका आवाज वाटला. खोली शांत करण्यासाठी इतकी खटपट का करायची, याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

क्रम विचारलात: आधी १९६० च्या 'सायको'चं बर्नार्ड हरमनचं संगीत. फक्त तंतुवाद्यं, तुकडे छोटे, आकृती स्पष्ट. मग बार्टोकचा तिसरा भाग, मग 'पॉलिमॉर्फिया', मग 'लोन्तानो'. एक आठवडा, एक रचना. सिनेमाचा पूर्ण अल्बम हवाच असेल तर त्यानंतर मीका लेवीचं 'अंडर द स्किन' (२०१३). पेंडेरेत्स्कीचं ५२ तंतुवाद्यांचं 'थ्रेनोडी' सगळे आधी सुचवतात. मी आधी देणार नाही. ते पहिल्याच सेकंदाला वाद्यांच्या सर्वांत उंच स्वरांवर चढतं, आणि नवा माणूस नॉबकडे धावतो.

हेडफोन: वायरचा, कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा. माग शेजारी असतील तर हेडफोनमध्ये दुसरा पर्याय नाही. मागांची खालची घरघर नॉइज कॅन्सलिंगने बरीच जाते, पण खटक्याची धार तशीच आत येते. शिवाय हेडफोनवर बार्टोकचे दोन गट समोर न राहता डोक्याच्या आत बसतात. म्हणून माझं मत स्पीकरच.

वरचे आकडे ढोबळ आहेत हे सांगायचं राहिलं. मोबाईलचा मीटर चार-पाच डेसिबल इकडेतिकडे दाखवतो, आणि बंद खोलीत दोन मीटरवर आवाज पूर्ण ६ ने घटत नाही. कान खोलीच्या आवाजाच्या थोडं खालचंही पकडतो. पण दोन्ही बैठकांना मीटर तोच आणि खोली तीच होती, त्यामुळे फरकावर भरवसा ठेवायला हरकत नाही. आणि मोठा आवाज करायचाच असेल तर ८५ डेसिबल आठ तास, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. 'आवाज शेवटपर्यंत न्या' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधी सांगितला आहे का, तेवढं विचारून बघा.